वलीच्या डोक्याचं माप

ताप उतरला त्या सकाळी वच्छलाबाईंनी जाहीर केलं, "मी अकोल्याले चालली." आवाज ठणठणीत होता, पाय मात्र पलंगाशीच लटपटले.

दुसऱ्या दिवशी अकोल्यात अफनानचं लग्न होतं. अफनान म्हणजे जहाँआराचा नातू, आणि जहाँआरा म्हणजे अंजनगाव सुर्जीत भिंतीला भिंत लागून वाढलेली मैत्रीण. पंचावन्न वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचा, वलीचा सेहरा वच्छलाबाईंनीच गुंफला होता. पुढे अमरावतीत त्यांचा फुलांचा धंदा वाढला, पण सेहरा तोच राहिला: मागे बांधायला फीत नाही, डोक्याच्या मापाचं बंद कडं. आधी नवरदेवाचं डोकं मोजायचं, मगच सुईत दोरा.

"कुठंच जायचं नाही," नात प्रतीक्षा म्हणाली. ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. "फ्लू गेला, पण जाता जाता फुप्फुसातल्या राखणदार पेशी मारून गेला. लग्नाच्या गर्दीत कोणताही जंतू सरळ आत घुसन."

"आन् त्या तुह्या जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी काय झोपा काढून राहिल्या?"

"नव्या विषाणूसाठी तयार व्हायला त्यांना आठवडा लागते. तुह्या वयात नव्या फारशा बनतही नाहीत. जुन्याच आठवणीवर लढतात."

"मंग माह्यासारख्याच हायेत. हुशार."

"हुशार, पण अडेल. विषाणू रूप बदलून येते, अन् या कधी कधी जुनाच चेहरा धरून बसतात."

म्हाताऱ्यांची ही निंदा वच्छलाबाईंना रुचली नाही. जाणं नाही तर निदान अफनानचा सेहरा तरी, म्हणून त्यांनी पलंगावरच शेवंती आणि गुलाब मागवले. माप विचारायला प्रतीक्षाने फोन पुढे केला, तो त्यांनी ढकलला.

"दोन वीत, आठ बोटं. वलीचं डोकं मले पाठ हाय. नातू काय दुसऱ्याचं डोकं घेऊन येईन?"

सेहरा संध्याकाळच्या एसटीने गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जहाँआराचा फोन आला.

"वच्छे, पोट्टे के सर में तेरा सेहरा घुसताच नहीं! कपाल पे अटक गया. उसका सर माँ पे गया है, मटके जैसा."

वच्छलाबाई पलंगावर उठून बसल्या. "मंग त्यानं काय बांधलं?"

"बाज़ार का. चमकीवाला."

आजवर त्यांच्या हातचा एकही सेहरा परत आला नव्हता. "माहा फेकला असन."

"फेकने कू कोई दे तब ना! मेरा बुढ्ढा पहन के मंडप में सबसे आगे बैठा है. उसकू बराबर आया. दो मेहमान उसीच कू मुबारक देके गए. निकालता नहीं, बोलता मेरा है."

वच्छलाबाई इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. दम घेत त्या म्हणाल्या, "राहू दे त्याच्या डोक्यावर. फक्त काझीच्या जवळ बसू देऊ नको."