परक्या पाण्यात तीन बुड्या

कुणाला पटणार नाही, आणि न पटलं तरी चालेल. पण त्या सकाळी स्वित्झर्लंडातल्या त्या सरोवरावर ऊन उतरलं आणि थंडीनं आखडून जागच्या जागी उभं राहिलं. पाचूच्या पोटातून काढल्यासारखं पाणी, काठाकाठानं निळंसावळं. आणि वर ते हिमधवल, मौनगंभीर पर्वत. कुणाच्या तरी दाराशी पांढरी उपरणी पांघरून, माना खाली घालून बसल्यासारखे, पहिला शब्द कुणी काढायचा या विवंचनेत.

सहलीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी विमान.

पहाटे मेणवलीहून फोन आला होता. अच्युतरावांनी तो हॉटेलच्या जिन्यात उभं राहून घेतला. मेहुणा मोजकंच बोलला. "भावजी, माई गेली. झोपेतच. ऊन मी म्हणतंय इथं, दुपारच्या पुढं तिला ठेवता येत नाही. ताईला सांभाळा."

ताई म्हणजे मालतीबाई. अच्युतरावांची अर्धांगी, माईची थोरली लेक. चाळीस वर्षं त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातला बर्फ बघत पोळ्या लाटल्या होत्या. आज बोटीनं पलीकडं जाऊन तो बर्फ हाताला लागणार होता.

कुठलंही विमान त्यांना दुपारच्या आत घाटावर पोहोचवणार नव्हतं. मग निदान हा एक दिवस तिचा असो. हा एक धवल, निर्मल, अश्रुविहीन दिवस! विमानात बसल्यावर सांगू. तोवर ते मरण अच्युतरावांनी एकट्यानं वाहायचं ठरवलं. निखारा ओंजळीत धरावा आणि वर हसावं, तसं.

न्याहारीला मालतीबाई म्हणाल्या, "शेवटच्या दिवशीच कसं हो तोंड फिरलं तुमचं? मध तरी घ्या." मग डोळे चमकवत, "आणि आज माईला फोनवर बर्फ दाखवायचा हं! काल विचारत होती, तिथला बर्फ गोळेवाल्याच्या बर्फासारखाच असतो का गं?"

"फोनची बॅटरी उतरलीय," अच्युतराव म्हणाले. खिशातला फोन छातीला धोंड्यासारखा लागत होता.

पण ऐकलेल्या मरणालाही एक पाणी लागतं. कानावर आलं की अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून घ्यायचं. आजोबांनी घेतलं, वडिलांनी घेतलं. हॉटेलच्या खोलीत ओले कपडे लपवणार कुठं? आणि जी बाई जन्मभर कृष्णामाईत बुडी मारून आली, तिच्यासाठी नळाची चावी कशी सोडायची? उरात ते अस्नात ओझं तसंच खदखदत राहिलं.

धक्क्यावर मुलगा आणि सून तिकिटांच्या रांगेत उभे राहिले. मालतीबाई नातीला, मैत्रेयीला, घेऊन राजहंसांना पाव घालू लागल्या. "मी आलोच," म्हणत अच्युतराव वळणापलीकडच्या विलोवृक्षांच्या हिरव्या पडद्याआड गेले.

पहिली बुडी. कानांत हिमनदीचा घंटानाद, हाडांत हजार सुया.

दुसरी बुडी. वरचे पर्वत फुटले, विखुरले, पुन्हा सांधले.

तिसरी बुडी. आणि त्या हरितगर्भ, हिमगर्भ अंधारात दिसल्या काळ्याभोर दगडी पायऱ्या, उन्हानं तापलेल्या. पायऱ्यांखाली लाकडं, लाकडांवर इवलीशी माई, आणि याच घटकेला, याच श्वासाला, तिच्या पायाशी कुणीतरी आणलेला विस्तव. इथं पाणी गोठवत होतं, तिथं ज्वाळा चढत होती. मधे सात समुद्र. आणि त्या सात समुद्रांपलीकडं एक जावई, नखशिखांत थरथरत, ओठांवर ओठ दाबून.

ते निथळत परतले तेव्हा मैत्रेयी टाळ्या पिटत नाचली. "आजोबा पडले! आजोबा पडले!"

"पडतोय कसला!" दात वाजत होते, पण जीभ जन्माची वस्ताद. थापा मारण्यात अच्युतरावांचा हात वाई तालुक्यात कुणी धरला नव्हता. "मासा होता, मासा! म्हैस परवडली. पँट धरून ओढलं मेल्यानं, तळापर्यंत नेलं. आणि शुद्ध मराठीत म्हणतो कसा, पाहुणे, न भेटताच निघालात होय?"

"मग?"

"मग काय, चहा घे म्हणाला. थंडगार चहा. शेवटी मिशीची शपथ घातली तेव्हा सोडलं."

मैत्रेयी हसून हसून लोळली. हंस दचकून दूर सरकले.

एरवी "पुरे हो तुमचं" म्हणणाऱ्या मालतीबाई हसल्या नाहीत. त्यांची नजर नवऱ्याच्या टाळूवरून ओघळणाऱ्या थेंबावर उतरली, मग त्यांच्या हातावर. एका हातात कोरडे बूट. बुटात घडी घातलेला चष्मा, चष्म्याखाली फोन.

पावाचा तुकडा बोटांतून पाण्यात पडला. वर्तुळं उठली, रुंदावली, विरली.

"माशानं ओढलेला माणूस बूट काढून ठेवून जात नाही हो," त्या अगदी हळू म्हणाल्या. "खरं सांगा. कुणाच्या नावानं आंघोळ केलीत?"