दाराएवढं टेबल

"ढकल गं, ढकल! येतंय, येतंय!" नवरा आतून ओरडला.

"कुठं येतंय? नुसतं कण्हतंय," ती बाहेरून म्हणाली, आणि तरीही तिनं खांदा लावला.

टेबल करकरलं, वीतभर पुढं सरकलं आणि दाराच्या चौकटीत असं काही घट्ट बसलं, जणू आधी टेबल ठेवून मग त्याच्याभोवती घर बांधलं असावं. अर्धं टेबल घरात, अर्धं जिन्याच्या माथ्यावर. आत नवरा, दीर आणि सासूबाई. बाहेर ती एकटी.

दवाखान्यात तिला सगळे एक्स-रेबाई म्हणायचे. अख्खी नोकरी तिनं एका अंधाऱ्या खोलीत एकच गोष्ट सांगत काढली. "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. हं, सोडा." भलेभले तालेवार लोक तिच्यापुढं शर्ट काढून मुकाट्यानं श्वास धरून उभे राहिलेले. घरात मात्र तिच्या सांगण्यावरून कुणी हलायचंही नाही आणि थांबायचंही नाही.

या बाईला कादंबरी लिहायची होती. लग्नाच्या आधीपासून. पण मुलगी लहान होती, मग मुलीची परीक्षा होती, मग सासूबाईंचा गुडघा होता. गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली आणि दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद घेऊन उभी राहिली. इथवर सगळं ठीक होतं. चूक पुढं झाली. काय करतेयस असं नवऱ्यानं विचारलं आणि तिनं खरं सांगितलं.

झालं. घर मदतीला धावून आलं.

दिरानं कादंबरीलेखनाचं शिबिर केलं होतं. त्याला प्रमाणपत्रही मिळालं होतं. एक कादंबरी सोडली तर कादंबरीला लागणारं सगळं त्याच्याकडं होतं. "वहिनी, असं एकदम लिहायला लागायचं नसतं हो! आधी शेवट ठरवायचा. मग पात्रांच्या जन्मतारखा. मग संघर्ष कुठं कुठं येणार ते." त्यानं भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. लाल म्हणजे संघर्ष, पिवळी म्हणजे कलाटणी. पंखा लावला की सगळा संघर्ष सासूबाईंच्या पलंगाखाली जायचा आणि त्या काठीनं तो परत बाहेर काढायच्या.

नवरा वजनमापांचा इन्स्पेक्टर होता. आता तोही निवृत्त, पण त्याला बघितलं की दुकानदार अजून काटा पुसतात. त्यानं ओट्यावरचे कागद उचलून कपाटात ठेवले. "लेखकाला टेबल लागतं. टेबल येऊ दे, मग लिही." आणि त्यानं स्वतः दार मोजून सुताराला माप दिलं. लांबी दाराएवढी, रुंदीही दाराएवढी. दोन्ही बाजूंना ड्रॉवर, पुढं फळी. "सुताचाही फरक नाही!" तो येईल त्याला सांगायचा.

फरक नव्हता, हीच तर अडचण होती. शिवाय चौकटीवर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढत होते, ते काही त्याला विचारून चढले नव्हते.

"साहेब, कुशीवर करून नेऊ," टेम्पोवाले म्हणाले होते.

"पॉलिश जाईल! सरळच जाईल ते. मापं मी घेतलीत."

टेम्पोवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं, पोहोच म्हणून तिची सही घेतली आणि "आमचं काम जिन्यापर्यंत" म्हणून पसार झाले. सहीचं पेन तेवढं तिच्या हातात राहिलं.

"थांबा, मी वरून येतो," दीर म्हणाला आणि त्यानं टेबलावर एक पाय टाकला.

"भाऊजी, पॉलिश!" ती ओरडली.

"पॉलिश!" नवराही ओरडला.

दिरानं दचकून पाय मागं घेतला, आणि मागं काहीतरी टर्रकन फाटलं. त्यानंतर दिवसभर तो भिंतीला पाठ लावूनच बोलला.

नवऱ्यानं सुताराला फोन लावला. "तासाभरात येतो म्हणतोय."

"म्हणजे दिवेलागणीला," सासूबाई म्हणाल्या.

समोरच्या शेजारणीनं दार उघडून सगळा देखावा एकदा नीट बघून घेतला. "ताई, उभ्या किती वेळ राहणार? घ्या, बसा," म्हणत तिनं खुर्ची आणून दिली.

ती बसली. टेबलाची बसायची बाजू नेमकी तिच्याकडं होती. गुडघे बरोब्बर आत गेले. कोपर टेकलं. खरंच सांगायचं तर टेबल झकास होतं.

"अगं, बसतेस काय? कुणाला तरी बोलव ना!" नवरा आतून म्हणाला.

"माझ्या चहाचं काय?" सासूबाई.

"वहिनी, माझी दुसरी पँट कुठं असते हो?" भिंतीला टेकूनच दीर.

तिनं तिघांकडं बघितलं. चहा आत होता. साखर आत होती. पँट आत होती. ज्यांना ते सगळं हवं होतं, तेही आतच होते. बाहेर फक्त ती होती. कुणाच्या छातीतला डागसुद्धा तिला कधी इतका स्वच्छ दिसला नव्हता.

टेबलाभोवती गुंडाळून आलेले पुठ्ठे भिंतीशी पडले होते. तिनं एक ओढला, कोरी बाजू वर केली. पेनाचं टोपण काढलं.

"अगं, काय—"

"श्वास घ्या," ती म्हणाली.

आवाज दवाखान्यातला होता. तिघांच्याही छात्या फुगल्या.

"धरून ठेवा. हलू नका."

कुणी हललं नाही. शेजारीणसुद्धा नाही, खरं तर तिचा काही संबंध नव्हता. जिन्यावर नुसता पेन पुठ्ठ्यावर घासल्याचा आवाज. दिराचा चेहरा लाल झाला, मग जांभळा.

"हं, सोडा."

"शेवट ठरलाय का पण?" दिरानं पहिल्या श्वासातच विचारलं.

"नाही."

"मग सुरुवात कशी काय केलीत? असं चालत नाही, वहिनी!"

"आण इकडं," सासूबाई म्हणाल्या. सुनेच्या हातच्या कुठल्याही गोष्टीत काहीतरी कमी शोधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुठ्ठा पॉलिशवरून सरकत आत गेला. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

"'त्याच्या पोटात किल्ली होती, आणि ती कुठल्या कुलपाची ते सांगायला तो तयार नव्हता.'"

त्यांनी पुठ्ठा उलटून मागची बाजूही बघितली.

"कुठल्या कुलपाची?" सासूबाईंनी विचारलं.

"मला तरी कुठं माहितीये अजून?"

"मग शोध की! माझ्या तोंडाकडं काय बघतेस?"

ती शोधायला लागली. दुसरा पुठ्ठा झाला, तिसरा झाला. मध्येच आतून भांडी पडल्याचा आवाज आला. नवरा चहा करत होता. "साखर किती टाकू गं?" त्यानं विचारलं.

"अहो, इन्स्पेक्टर तुम्ही. मापानं टाका."

चहा टेबलावरून बाहेर आला. वाईट होता. पण कुणीतरी आणून दिलेला होता, म्हणून ती तो तळापर्यंत प्यायली. दीर भिंतीच्या कडेनं सरकत सरकत सासूबाईंच्या मागं येऊन उभा होता. "बायकोच्याच कपाटाची असणार किल्ली," तो पुटपुटला. "गप रे, वाचू दे," त्याची आई म्हणाली.

दिवेलागणीला सुतार आला, करवत घेऊनच. "सरका बाई. पाय कापतो, दोन मिनिटांचं काम."

तिचं पेन थांबलं. दोन मिनिटांत दार मोकळं होणार, सगळे बाहेर येणार, ती आत जाणार. मग भात, मग औषधं, मग उद्या बघू. पुठ्ठ्यावर वाक्य अर्धंच होतं.

"हात तर लावून बघ टेबलाला!" आतून सासूबाई कडाडल्या. त्यांनी काठी उगारली होती. "किल्ली पोटात आहे अजून!"

सुतारानं घाबरून तिच्याकडं बघितलं. "कुणाच्या पोटात?"

शेजारणीनं आतून परत आलेला पहिला पुठ्ठा त्याच्या हातात दिला. तो पायरीवर बसला आणि करवत मांडीवर ठेवून वाचायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "पुढचा कुठाय?"

पहिलं प्रकरण संपलं तेव्हा जिन्यात दिवे लागले होते. सुतार उठला, टेबल हातानं चाचपलं आणि नवऱ्याला म्हणाला, "कापायची गरजच नाही साहेब. जरा उचलून कुशीवर केलं की सुटतं. आत घेऊ, की बाहेर?"

नवऱ्यानं बायकोकडं बघितलं.

"बाहेर," ती म्हणाली.

मजला शेवटचा होता, वर जाणारं कुणी नव्हतं. टेबल जिन्याच्या खिडकीखाली लागलं. एका कडेचं पॉलिश पार गेलं होतं. नवऱ्यानंच त्यावर पुठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कप घेऊन दारात आला. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून म्हणाला, "अगं, ऐकलंस का—"

"हलू नका."

तो तसाच थांबला. एक पाय आत, एक बाहेर, हातात वाफाळता कप, छातीत धरलेला श्वास. तिनं सावकाश वाक्य पुरं केलं, टिंब दिलं, एकदा वाचून बघितलं.

"हं," ती वर न बघताच म्हणाली, "सोडा."