वजन उतरवण्याचा वर्ग

वजन उतरवण्याच्या वर्गात मॅडमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. साखर म्हणजे विष, भात म्हणजे शत्रू, आणि भूक लागली की आधी ग्लासभर पाणी. खात्यापित्या घरच्या बायका पैसे भरून उपाशी राहायला यायच्या आणि त्यांच्या जिवावर मॅडमच्या घरी दोन्ही वेळा भात शिजायचा. मॅडमना त्यात काही वावगं वाटत नसे. पोट कुणाला चुकलंय?

मग जगभर साथ आली आणि वर्गाला कुलूप लागलं. गाठीला होतं ते बघता बघता संपलं. डब्यात जे काही निघेल ते मॅडम लेकीच्या ताटात वाढायच्या आणि स्वतः "मी आत्ताच खाल्लं" म्हणून हात झटकायच्या. इतकी वर्षं सगळे उपाय करून जी कंबर हटली नव्हती, ती आता आपसूक उतरली.

अशात एक दिवस वर्गातल्या सराफबाई दारात उभ्या. तोंडावर मास्क, हातात जड पिशवी. पिशवीतून तांदूळ, साखर आणि तेलाचा पुडा डोकावत होता. मॅडमचा जीव त्या पिशवीत अडकला.

"अगं बाई! केवढ्या बारीक झालात मॅडम!" सराफबाई उंबऱ्याबाहेरूनच ओरडल्या. "आम्ही घरी बसून भोपळे झालो. तुम्ही काय करता हो?"

"विशेष काही नाही."

"आणि मी वेडी! म्हटलं, वर्ग बंद, तुमची ओढाताण होत असेल, म्हणून हे आणलं. भात-साखर, तेही तुमच्या घरी! देते कुणा गरजूला."

"असू दे, ठेवा की," मॅडम घाईने म्हणाल्या. "लेकीला दाखवायला होईल... काय खायचं नाही ते." जन्मभर जपलेला मान मेला नेमका आत्ता आडवा आला.

सराफबाई खो खो हसल्या. "परीक्षा घेताय होय? मी नाही फसायची!" आणि पिशवी सावरत जिना उतरल्यासुद्धा.

मान गेला खड्ड्यात. मॅडम खिडकीशी धावल्या. "अहो, थांबा! मला भूक लागलीय हो!"

सराफबाईंनी रस्त्यावरून कौतुकाने हात हलवला. "पाठ आहे मॅडम! आधी ग्लासभर पाणी!"

त्या कोपऱ्यावर वळल्या तशी मॅडमना रडू फुटलं. मागे लेक येऊन उभी राहिली होती. आईचं ओरडणं ऐकून तिने शहाण्यासारखा पाण्याचा ग्लास भरून आणला होता.