पायरी मिळणेबाबत

बाबा आणि कंसमामा, दोघंही चुकले होते, हे बाबांच्या निरोपसमारंभाच्या दिवशी चहाच्या खोलीत सिद्ध झालं. आता हे वाक्य विसरून जा. त्या वेळी खोलीत हजर असलेल्या सगळ्यांनी ते विसरायचं ठरवलं आहे आणि मीही त्या ठरावाला मान डोलावली आहे. तेव्हा असं काही घडलेलंच नाही. बाबा निवृत्त झाले, त्यांना एक गुच्छ मिळाला आणि अर्धा केक उरला, एवढंच घडलं.

"गुच्छ धर जरा," बाबा मला म्हणाले. "हात धुवून येतो. क्रीम लागलंय."

"बेसिन बंद आहे, साहेब," बेसिनखालून प्लंबर म्हणाला. त्याचे फक्त पाय दिसत होते. "पाइप आतून गेलाय. ही पायरी उचलल्याशिवाय हात पोचायचा नाही."

"मग उचला की," कंसमामा म्हणाले. "पायरी काय कुणाच्या बापाची आहे?"

होती. माझ्या बापाची होती.

बाबा उंचीने बेताचे. संग्रहालयाचं बेसिन मात्र कुणा ताडमाड माणसाने स्वतःच्या मापाने बसवून घेतलेलं. नोकरीच्या सुरुवातीला बाबा टाचा उंच करकरून कप विसळायचे आणि पाणी कोपरावरून थेट बगलेत जायचं. मग त्यांनी अर्ज केला : पायरी मिळणेबाबत. पुढे बाबांनी दिव्यासाठी अर्ज केले, शिडीसाठी केले, गळक्या छतासाठी तर इतके केले की ते अर्जच अंथरले असते तर गळती थांबली असती. त्यातला एकही मंजूर झाला नाही. उभ्या नोकरीत मंजूर झाला तो हा पहिलाच. मामांनी सही केली, गवंडी आला, त्याने मागच्या अंगणातल्या फुटक्या दगडांच्या ढिगातून चिखलाने माखलेला एक सपाट तुकडा उचलून आणला आणि बसवून टाकला. बाबांना हात धुता येऊ लागले. आई म्हणायची, "यांच्या आयुष्यातली प्रगती विचाराल, तर एक पायरी."

बाबांचं काम जुने ग्रीक आणि लॅटिन शिलालेख वाचायचं. दगडावर ओला जाड कागद पसरायचा, लांब केसांच्या ब्रशने तो ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वाळला की अलगद सोलून घ्यायचा. याला ठसा म्हणतात. डोळ्यांना दगडावर जे दिसत नाही, ते पुष्कळदा ठशावर दिसतं. आमच्या घरात कपाटावर, पलंगाखाली, पाहुण्यांच्या गादीखाली ठसेच ठसे. बाकीच्यांच्या वडिलांच्या अंगाला सिगरेटचा किंवा घामाचा वास यायचा, माझ्या वडिलांच्या अंगाला ओल्या पुठ्ठ्याचा.

आणि त्यांचा एक लाडका दगड होता. थडग्यावरचा, तिरपा तुटलेला. त्यावर ग्रीकमध्ये कुणाच्या तरी नावाची पहिली तीन अक्षरं शाबूत, उरलेलं नाव तुटलेल्या भागाबरोबर गेलेलं. खाली लॅटिनमध्ये चार आद्याक्षरं, जी त्या काळी थडग्यांवर सर्रास कोरत. अर्थ असा की, माती तुला हलकी असो.

आता दगडातलं गेलेलं ते गेलं, असं तुम्ही-आम्ही म्हणू. विद्वान तसं म्हणत नाहीत. ते गेलेली अक्षरं स्वतः सुचवतात आणि चौकोनी कंसात लिहितात. कंसाचा अर्थ, इथे आम्ही नव्हतो, पण असंच असणार. बाबांनी रिकामी जागा मापली, अक्षरांची रुंदी काढली आणि त्या कंसात एका मुलीचं नाव बसवलं. त्याच सुमारास मी जन्मले. बाबांनी तेच नाव मला ठेवलं.

"अर्थ काय याचा?" आईने विचारलं होतं.

"अर्थाचं बघू नंतर," बाबा म्हणाले. "जागेत अगदी चपखल बसतं."

मामा बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र, पुढे त्यांचेच विभागप्रमुख. त्यांनी त्याच कंसात दुसरं नाव बसवलं, बाबांच्यापेक्षा एका अक्षराने आखूड. त्यावरून दोघांत जे जुंपलं ते कायमचं. मामा माझ्या प्रत्येक वाढदिवसाला यायचे, चांगली भेट आणायचे आणि भेटीवर त्यांच्या वाचनातलं नाव घालायचे. त्यांना कंसमामा हे नाव मी ठेवलं. ते त्यांना आवडलं. आई वैतागून म्हणाली, "तुम्हा दोघांचं मिटेपर्यंत मी हिला 'ए' म्हणेन." अजून तेच चाललंय. म्हणून माझं नाव इथे सांगत नाही. ते अजून कंसात आहे.

मी विमा कंपनीत काम करते. लोकांचे दावे नाकारायचे आणि पत्राच्या शेवटी शुभेच्छा द्यायच्या, असं काम आहे. हे पुढे उपयोगी पडतं म्हणून सांगितलं.

तर निरोपाच्या दिवशी बाबांचा जीव कशात अडकला होता, तर त्या कंसात. संग्रहालयातल्या सगळ्या लेखांचा मोठा खंड छपाईला जायचा होता आणि संपादक मामा होते. मुख्य मजकुरात एकच नाव जाणार, दुसरं खाली तळटिपेत, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात. असा खंड पन्नास-शंभर वर्षांतून एकदा निघतो. यात तळटिपेत गेलात की कायमचे तळटिपेतच. "आज भाषणात सांगतो काय ते," मामा सकाळी म्हणाले होते. बाबांनी त्या भाषणासाठी नवा शर्ट घातला होता. बूट लग्नातलेच. तळ इतक्या वेळा बदललेले की, आईच्या म्हणण्यानुसार, लग्नातल्या फक्त नाड्या उरल्या होत्या.

प्लंबरने पहार घातली, पायरी उचकटली आणि ओढून भिंतीला टेकवून ठेवली. बाबा क्रीम लागलेला हात तसाच वर धरून उभे होते. मग त्यांनी तोच हात पायरीच्या मागच्या कडेला लावला, जी इतकी वर्षं भिंतीत रुतलेली होती. कड तिरपी होती. बाबांची बोटं त्या कडेवरून खाली गेली, एका खोबणीपाशी थांबली, परत वर आली.

"काय झालं रे?" मामांनी विचारलं.

"ब्रश आण," बाबा म्हणाले.

"कसला ब्रश?"

"लेका, ब्रश आण!"

मी बाबांना मामांवर ओरडताना पुष्कळदा पाहिलंय, पण मामांना निमूट जाताना प्रथमच पाहिलं. ते ब्रश घेऊन आले, कागद घेऊन आले, येताना धापा टाकत दाराची कडीही घातली. पलीकडच्या हॉलमध्ये लोक केक खात भाषणाची वाट पाहत होते. इकडे दोन म्हातारे गुडघ्यांवर बसून ओल्या कागदाला बडवत होते. प्लंबर मला हळूच म्हणाला, "ताई, पायरीला ताप आलाय का?"

मग टेबलफॅन लावला आणि कागद वाळेपर्यंत दोघं समोरासमोर बसले.

"हाच," बाबा म्हणाले. "कड जुळते. शंकाच नाही."

"मीही उभा राहिलोय यावर," मामा म्हणाले. "रोज. तू कप विसळायचास, मी पुसायचो."

"आणि आपण नावावरून भांडायचो."

"हो."

वादाचा मुद्दा दोघांच्याही पायांखाली होता, म्हणून कुणाच्याच पायाखालची वाळू कधी सरकली नाही.

कागद सोलला. मामांनी तो खिडकीशी धरला, तिरपा केला, चष्मा कपाळावर चढवून पाहिला. कोराच होता. संग्रहालयातल्या सगळ्या विद्वानांचे, शिपायांचे, पाहुण्या प्राध्यापकांचे बूट त्या अक्षरांवरून वर्षानुवर्षं गेले होते आणि दगड ताटासारखा गुळगुळीत झाला होता. फक्त एका टोकाला, जिथे पाण्याच्या पिंपाची तिवई असायची आणि पाय पडायचा नाही, तिथे नावाचं शेवटचं अक्षर उरलं होतं. अर्ध्या चंद्रासारखं.

बाबांच्या नावाच्या शेवटी ते अक्षर नव्हतं. मामांच्याही नव्हतं.

"हे अक्षर शेवटी असेल," मामा म्हणाले, "तर पुरुषही असू शकतो."

"पुरुष?" मी म्हणाले. "म्हणजे मी एखादा मिशाळ धान्यव्यापारी आहे?"

एरवी या विनोदावर बाबा हसले असते. एरवी म्हणजे सकाळपर्यंत.

"तुझंच नाव घातलंय मी," मामा एकदम बाबांना म्हणाले. "मुख्य मजकुरात. माझं खाली तळटिपेत. खंड गेला छपाईला मागच्या आठवड्यात. आज भाषणात सांगणार होतो."

बाबांनी मान वर केली. "पटलं तुला?"

"नाही."

"मग?"

"निवृत्त होतोयस. म्हटलं, जाताना तेवढं तरी."

बाबांनी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते त्यांना मिळालं होतं ते असं. केकबरोबर.

"काढ ते," बाबा म्हणाले. "दोन्ही काढ. कंस रिकामा ठेव."

"आणि कारण काय लिहू? जो तुकडा आपण पाच देशांच्या संग्रहालयांत शोधला, त्यावर उभे राहून बशा विसळत होतो, असं लिहू? अर्ज तुझा होता. सही माझी."

"लिही तसं."

"अरे, जरा पोरीचा तरी विचार कर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्लंबरनेसुद्धा. आजवर माझा विचार कुणी केला नव्हता, फक्त माझ्या रुंदीचा केला होता. मी म्हणाले, "माझं चालू द्या. मला घरी 'ए' म्हणतात."

"ठेवू का परत?" प्लंबरने विचारलं. "की नवी आणताय? नवीला वेळ लागेल, मंजुरी लागते."

बाबा त्या उरलेल्या अक्षरावरून बोट फिरवत होते.

"ठेवा," मामा म्हणाले.

"कुठली बाजू वर?"

"होती तीच."

प्लंबरने सिमेंट कालवलं. मामांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, "काय? इथे काही झालेलं नाही." आम्ही माना डोलावल्या. बाबांनी डोलावली की नाही, ते मला दिसलं नाही, ते पायरीकडे पाहत होते. तेवढ्यात दार वाजलं. कडी काढली तर कारकून बाई उरलेला केक घेऊन आत आल्या. "साहेबांना घरी द्यायचा होता, म्हटलं कशात गुंडाळू? अय्या, बरा जाड कागद आहे हा!" आणि जगातल्या त्या एकमेव ठशात त्यांनी केक गुंडाळला. वर दोरा बांधला. मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "राहू दे. त्यांना कुठे माहितीये?"

मामांचं भाषण छान झालं. नाव जाहीर झालं. टाळ्या पडल्या. बाबा उभे राहिले आणि "आभारी आहे" एवढंच म्हणून बसले. लोकांना वाटलं, गहिवरले.

नंतर सगळे आपापले कप घेऊन बेसिनवर गेले. पाइप दुरुस्त झाला होता आणि सिमेंट ओलं असल्याने जो तो पायरीच्या अगदी मधोमध पाय देत होता. मामाही चढले. मामांचं वजन भरपूर आहे. बाबा आपली पाळी येईपर्यंत रांगेत थांबले, मग खाली वाकून नाड्या सोडल्या, बूट काढून भिंतीशी नीट जोडून ठेवले आणि मोज्यांवर चढून कप विसळला. मग तसेच मोज्यांवर घरी निघाले. वाटेत लोक पाहत होते. मी गुच्छ आणि केक घेऊन चार पावलं मागून चालत होते. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

आईने दार उघडलं. "अहो, बूट कुठायत?"

"ऑफिसात."

"काय अर्थ याचा?"

"अर्थाचं बघू नंतर," बाबा म्हणाले.

आईने केक सोडला. तुपकट झालेला कागद तिने उलटसुलट करून पाहिला. "यात काही होतं का हो?"

"नव्हतं," बाबा म्हणाले, आणि मला म्हणाले, "ए, अर्ज लिहायचाय. कार्यालयीन भाषा तुझी चांगली आहे."

मी लिहून घेतलं. असले अर्ज कसे फेटाळतात ते मला पाठ आहे, हाही मीच फेटाळला असता. शुभेच्छांसह.

*

प्रति,
मा. विभागप्रमुख,

विषय : अक्षरे परत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की, चहाच्या खोलीतील पायरीवरील अक्षरे दैनंदिन वापरात झिजून आजी व माजी अधिकारी, कर्मचारी व अभ्यागत यांच्या बुटांच्या तळांना लागून इमारतीबाहेर गेलेली आहेत. तरी संबंधितांनी ती कार्यालयीन वेळेत, शक्यतो मूळ क्रमाने, जमा करावीत, असे आदेश व्हावेत. सर्व अक्षरे जमा होईपर्यंत सदर मृत व्यक्तीस, तसेच अर्जदाराच्या मुलीस, कोणत्याही नावाने संबोधण्यात येऊ नये.

सदर पायरीवर सर्वाधिक काळ अर्जदार स्वतः उभा असल्याने सुरुवात त्याच्यापासून करण्यात येत आहे.

सोबत : बूट, एक जोड. पायरीपाशी ठेवले आहेत. तळ नवे आहेत. जुन्यांचा शोध चालू आहे.