तीनदा नाही

"नको रे बाबांनो, मला नको!"

अंजिरांच्या टोपल्यांमागून ओढून काढलेला अँथिमोस ओरडला आणि बंदरावरचे बंडखोर शिपाई आनंदाने ढाली बडवू लागले.

"ऐकलंत? नाही म्हणाला!" त्यांचा सरदार बर्दास म्हणाला. "सम्राट असावा तर असा."

रीतच तशी होती. सिंहासन देऊ केलं की आधी तीनदा नाकारायचं. लगेच हो म्हणेल तो हावरट. जुन्या सम्राटाला हाकलून बसलेल्या शिपायांना गादीवर बसवायला कुणीतरी हवं होतं आणि जकातनाक्यावरच्या या कारकुनाचं कुणाशीच वाकडं नव्हतं. अँथिमोसने नाही म्हटलं, हात जोडून नाही म्हटलं, शेवटी रडून नाही म्हटलं. झालं, रीत पुरी झाली. सम्राट झाल्याची खूण म्हणून त्याला ढालीवर उभं करून उचललं, तेव्हा गर्दीत पळी घेऊन उभी असलेली बायको दिसली.

"अहो, खाली उतरा! मसूर करपले तिकडे!" युफेमिया ओरडली.

"उतरू देत नाहीयेत गं!"

राजधानीत त्याला सम्राटाचे लाल जोडे मिळाले, तेही ढगळ. मान हलवली की फर्मान निघे. घाबरून तो मान ताठ धरून बसू लागला, तर दरबारी म्हणाले, काय करारी माणूस! महालात शिरताच तो जोडे कुठेही भिरकावी, आणि सम्राज्ञी झालेली युफेमिया वाकून ते भिंतीशी जोडीने लावून ठेवी. दासी तोंडाला पदर लावून हसत.

"अगं, आपण घरी कधी जायचं?"

"मला काय विचारता? सम्राट तुम्ही!"

वसंतात दुसऱ्याच एका सरदाराची फौज वेशीशी आली. बर्दास रातोरात तिकडे जाऊन मिळाला. अँथिमोसला मात्र हायसं वाटलं. 'घ्या बाबा, मी घरी जातो,' असा त्याने निरोप धाडला. उत्तर आलं: एकदा ढालीवर चढलेला माणूस घरी जात नसतो. आंधळ्याला आणि संन्याशाला गादी मिळत नाही; तेव्हा डोळे तरी द्या, नाहीतर संन्यास घ्या. आणि संन्यास म्हणजे बायको बायको राहणार नाही; तिने बायकांच्या मठात जायचं.

"पण घरी जायचं म्हणूनच तर सोडतोय मी," तो ज्याला त्याला सांगत राहिला.

देवळात त्याचे जोडे काढून घेतले. मठाधिपतींनी केस कापायची कात्री जमिनीवर टाकली. संन्यास घेणाऱ्याने ती आपल्या हाताने उचलून द्यायची, तीनदा. मग जबरदस्ती झाली असं कुणी म्हणू शकत नाही. दाराशी एक शिपाई डोळ्यांसाठी निखाऱ्यात सळई तापवत बसला होता.

पहिल्यांदा त्याने कात्री दिली. दुसऱ्यांदाही दिली. तिसऱ्यांदा तो नुसता बघत राहिला.

"नको," तो म्हणाला.

या खेपेला कुणी ढाली बडवल्या नाहीत. शिपायाने निखारे फुंकले.

बायकांच्या बाजूने युफेमिया पुढे आली. तिने कात्री उचलली, त्याच्या मुठीत ठेवली आणि त्याची बोटं मिटली.

"द्या बघू. डोळे राहू देत. झाडावर पिकलेलं अंजीर तरी दिसेल."

"आणि तू?"

तिने त्याची मूठ मठाधिपतींकडे वळवली. त्याने कात्री दिली. केस पडू लागले.

निघताना तिला ते लाल जोडे दिसले, एक इकडे, एक तिकडे पडलेले. तिने वाकून ते भिंतीशी जोडीने लावले आणि मठातल्या बायकांबरोबर निघून गेली.