सेन्सरची नळी

भावजींना विमानातलं काय कळतं, असं कुणी विचारलं की धाकटी म्हणायची, "बसायचं कुठे ते कळतं. तेही दोनदा दाखवल्यावर."

धाकटी म्हणजे त्या घरातली धाकटी सून. पेशाने दातांची डॉक्टर. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रात. दोन जणांचं छोटं विमान ती स्वतः बांधत होती आणि ते उडवायचा परवानाही तिने काढला होता. जागा मात्र थोरल्या दिरांची, त्यांच्या फर्निचरच्या कारखान्यामागची रिकामी शेड. त्या शेडच्या जोरावर भावजी स्वतःला विमानाचे अर्धे मालक आणि सबंध शिल्पकार समजत. पाहुणा आला की त्याला शेडमध्ये न्यायचं, पंखावर थाप मारायची आणि म्हणायचं, "आमचं काम असंच, एकदम पक्कं." पान्याला त्यांचा हात लागायचा तो फक्त पाना बाजूला सरकवून तिथे चहाचा कप ठेवण्यासाठी.

सगळं होत आलं होतं, एक नळी सोडून. इंजिन जी हवा आत ओढतं तिचा दाब मोजणारा सेन्सर केबिनच्या पुढच्या पत्र्याच्या भिंतीवर बसवलेला होता. तिथून सिलिंडरपर्यंत ही बारीक नळी न्यायची. दिसायला चिल्लर काम. पण ठिणगी केव्हा पाडायची ते इग्निशन याच दाबावरून ठरवतं. दाब कमी दिसला तर ठिणगी लवकर, जास्त दिसला तर जरा उशिरा. नळीने खोटं सांगितलं, तर इंजिन आतल्या आत स्वतःलाच हाणून घेतं. उष्णता आणि पेट्रोल सोसणारी रबरी नळी धाकटीने मागवली होती, पण ती येईना.

इकडे भावजींनी रविवारी इंजिन सुरू करून दाखवायचं आमंत्रण अख्ख्या व्यापारी मंडळाला देऊन टाकलेलं.

"पुढे ढकला," धाकटी म्हणाली.

"एका नळीसाठी? अगं, हवाच तर जाते त्यातून!"

"नळीशिवाय मी इंजिन सुरू करणार नाही, भावजी."

शनिवारी ती दवाखान्यातून परतली तेव्हा इंजिनाचं झाकण बंद होतं, स्क्रू आवळलेले होते आणि भावजी चक्क हात पुसत उभे होते. त्यांचे हात मळलेले पाहणं हाच एक सोहळा होता.

"आली तुझी नळी. बसवली मी."

"रबरीच ना?"

"रबरी म्हणजे रबरीच. आता उघडत बसू नकोस, ते स्क्रू लावता लावता माझी कंबर गेली."

तिने उघडून बघायला हवं होतं. पण खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते आणि ती या गृहस्थांकडे असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

रविवारी मंडळी खुर्च्या मांडून बसली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. मंद गतीवर दाबाचा काटा खाली, जिथे असावा तिथेच. तिने इंजिन तापू दिलं आणि मग थ्रॉटल पुढे ढकलला. आवाज चढला, काटा मात्र ढिम्म. लगेच इंजिनातून डब्यात मूठभर खडी टाकून हलवावी तसा खडखडाट यायला लागला. बाहेर भावजी दोन्ही हात वर करून ओरडत होते, "अजून! अजून दे!"

धाकटीने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि कुणाकडेही न बघता झाकण उघडलं.

आत पारदर्शक प्लास्टिकची नळी होती. एक्झॉस्टच्या पाइपाला जवळजवळ टेकलेली. उष्णतेने ती मऊ पडली होती आणि इंजिनाच्या ओढीने वळणावर चपटी होऊन चिकटली होती, पिळून संपवलेल्या टूथपेस्टच्या ट्यूबसारखी. मघाचा कमी दाब आत कोंडला गेला होता, म्हणून काटा हलला नव्हता. बिचारं इग्निशन त्यावर विश्वास ठेवून भरधाव इंजिनात फार लवकर ठिणग्या पाडत राहिलं.

"इग्निशनचा मालच भिकार," भावजी मंडळींना सांगत होते. "मी आधीच म्हटलं होतं."

थोरल्या जाऊबाई सरबताचे पेले घेऊन आल्या आणि धाकटीच्या हातातल्या नळीकडे बघून थबकल्या.

"अहो, ही आपल्या माशांच्या टाकीची नळी! कालपासून टाकीत बुडबुडे नाहीत म्हणून मी त्या पंपवाल्याला फोनवर नाही नाही ते बोलले!"

मंडळी खो खो हसली. भावजींचं तोंड बघण्यासारखं झालं. एवढ्यावर तरी त्यांनी गप्प बसावं, पण संध्याकाळी ते धाकटीला म्हणाले, "चारचौघांत माझी शोभा केलीस. शेड माझी आहे, विसरू नकोस."

"विसरत नाही. म्हणूनच विमान हलवतेय."

विमानतळावर एका ओळखीच्याच्या हँगरमध्ये तिने कोपरा मिळवला. ट्रेलर आला त्या सकाळी शेडला कुलूप, आणि भावजी 'कामाला' गेलेले. किल्ली घेऊन जाऊबाई आल्या. त्यांच्याबद्दलही धाकटीचं मत काही थोर नव्हतं. हो ला हो करणारी बाई, एवढंच.

"पंख जपून काढ," शटर वर ढकलत त्या म्हणाल्या. "दाराची चौकट वाकडी आहे. तीही यांनीच बसवलीय."

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली.

दात बघायचा बारीक कॅमेरा तिने प्लगच्या भोकातून आत घातला. एका पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडले होते. तो बदलावा लागला. मग खरी रबरी नळी आली. ती तिने एक्झॉस्टपासून लांब ठेवून, सेन्सरकडे चढती नेली, म्हणजे पेट्रोलचा थेंब शिरलाच तर उतरून इंजिनात परत जाईल. दवाखान्यातली सिरिंज लावून नळीतली हवा ओढली आणि वाट पाहिली. काटा खाली गेला तो तिथेच राहिला. नळी कुठेही गळत नव्हती.

पहिली उड्डाणं तिने एकटीने केली. भावजी अजूनही मंडळात सांगतात, की इंजिनातली ती खराबी त्यांनीच वेळीच पकडली, नाहीतर धाकटी जिवाला मुकली असती. तिच्या कानावर ते आलं तेव्हा ती कुणाची तरी अक्कलदाढ काढत होती. खुलासा करायला जाण्याएवढी त्यांची किंमत तिला वाटली नाही.

दुसऱ्या सीटवर सगळ्यांत आधी जाऊबाई बसल्या. नदीच्या वळणापर्यंत त्यांनी सीटची कड सोडली नाही. मग जरा सैलावून त्यांनी बोट दाखवलं.

"हा काटा कसला गं?"

"इंजिन केवढी हवा ओढतंय त्याचा, ताई."

"बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग इतक्यात नको परतू. अजून थोडं फिरव."