वास गेलेलं हेल्मेट

मित्रांनो, मला हातात घ्यायच्या आधीच तुम्ही नाक मुरडाल, याची मला सवय आहे. मी हॉकीच्या गोलकीपरचं हेल्मेट, आणि जुनं. समोर लोखंडी जाळी, आत काळा स्पंज, हनुवटीखाली पट्टा. आठ वर्षांत पाच मुलांचा घाम मी प्यायलो. पाजणारे पाजत गेले, धुणारं कित्येक वर्षं कुणी आलं नाही.

माझा जन्म कुपवाडच्या एका लहानशा कारखान्यातला. चंद्राबाई नावाच्या बाईंनी माझ्या आत स्पंज चिकटवला, मला स्वतःच्याच डोक्यावर घालून बघितलं आणि म्हणाल्या, "बसतंय की झकास!" तिथून मी औंधच्या पुढच्या एका गावात, शाळेत आलो. हॉकीचा संघ नवाच निघाला होता. मला हार घातला, माझ्यापुढं नारळ फोडला, पाहुण्यांनी मला मांडीवर घेऊन फोटो काढला. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला सांगू?

कृष्णात सर आमचे क्रीडाशिक्षक. माणूस जीव लावणारा, पण चोरीची धास्ती फार. सराव संपला की ओरडायचे, "सामान जपून ठेवा रं!" जपून ठेवा म्हणजे लोखंडी पेटीत कोंबा आणि कुलूप घाला. पॅड, हातमोजे आणि मी, सगळे घामानं ओले असतानाच एकमेकांवर पडायचो. चार दिवस सुट्टी लागली तर चार दिवस तसेच. आत आम्ही आंबत गेलो, आणि किल्ली मात्र सरांच्या खिशात सुखरूप होती.

प्रांजल माझी चौथी गोलकीपर. सातवीतली, काटक. तिचे वडील बिरदेव मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन घाटाखाली उतरायचं आणि उन्हाळा सरला की परतायचं, असं त्यांचं वर्ष. आतापर्यंत प्रांजल आत्याकडं राहून शिकली होती. यंदा आत्याचं बिऱ्हाड शिरवळला गेलं, तेव्हा तिलाही कळपाबरोबर जावं लागणार होतं. एकच वाट उरली होती. सर म्हणाले, "साताऱ्याला निवड चाचणी हाय. नाव लागलं की वसतिगृह मिळतंय, शाळा सुटत न्हाई. आन् तुझं नाव लागतंयच बघ."

ते उगीच म्हणत नव्हते. चेंडू अंगावर आला की भलेभले डोळे मिटतात. ही पोरगी माझ्या जाळीतून टक लावून बघायची आणि नेमकी पाय टाकायची. तिच्या डोक्यावर असताना आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, असं मला वाटायचं.

पण संघातल्या पोरी तिच्याजवळ उभ्या राहत नसत. "मेंढरात निजतीया, म्हणून वास मारतोय," एक जण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. मित्रांनो, तो वास माझा होता! तिच्या आधीच्या तीन मुलांचा होता, त्या बंद पेटीचा होता. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. प्रांजल मान खाली घालून पट्टा आवळत राहिली.

चाचणीच्या आदल्या दिवशी सरांनी मला तिच्याबरोबर घरी दिलं. तिनं टोमण्याचं काही सांगितलं नाही. "आप्पा, हेल्मेटला लय वास येतोय," एवढंच म्हणाली आणि दळण आणायला गेली. बिरदेवनं मला हुंगलं आणि तो हसला. "आमच्या मेंढराच्या अंगावर गोचीड ऱ्हात न्हाई, तितं वास काय ऱ्हातोय!" त्यानं गोचिडाच्या औषधाची बाटली काढली, बादलीत ओतली, पाणी दुधासारखं झालं, आणि त्यात मला बुडवलं. बाटलीवर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं, पण त्याला अक्षर येत नव्हतं. स्पंज दाबून दाबून त्यानं औषध आतपर्यंत मुरवलं. एवढ्या मायेनं मला आजवर कुणीच हाताळलं नव्हतं.

प्रांजल आली तेव्हा मी उन्हात वाळत होतो. "बग, गेला का न्हाई वास?" त्यानं विचारलं. तिला औषधाचा दर्प आला असणारच. पण बापाचा चेहरा बघून ती म्हणाली, "व्हय आप्पा, गेला."

साताऱ्याच्या मैदानावर पहिली दहा मिनिटं तिनं एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. मग तिला घाम फुटला. माझ्या स्पंजातलं औषध घामात उतरलं आणि कपाळावरून डोळ्यांत गेलं. चेहऱ्याची आग आग झाली. तिनं बाहीनं पुसलं, तशी आग आणखी पसरली. एक गोल झाला, दुसरा झाला, तिसरा तर तिला दिसलाच नाही. निवड करणाऱ्यांपैकी एक जण शेजारच्याला म्हणाला, "ही चेंडूला घाबरते. डोळेच मिटून घेते." मी तिच्या कानांवरच होतो. मी ऐकलं, तसं तिनंही ऐकलं.

यादी तिसऱ्या दिवशी सरांच्या मोबाईलवर आली. प्रांजलचं नाव नव्हतं. "खेळ झाला न्हाई," एवढंच तिनं घरी सांगितलं. त्या आधीच तिनं मला शाळेच्या नळाखाली तीनदा धुतलं होतं, पुन्हा कुणाचा चेहरा भाजू नये म्हणून. मग सरांनी मला ओलंच पेटीत टाकलं आणि कुलूप घातलं.

महिन्याभरात मी पहिल्यापेक्षा जास्त घाण मारू लागलो. प्रांजल जाणार म्हणून आता सहावीतली राणी मला घालत होती. सरांनी बिरदेवला बोलावून घेतलं. "मागं तुमी झकास धुतलं हुतं. पुन्यांदा तेवढं धुवा की."

तो आनंदानं आला, बाटली घेऊनच. "या टायमाला जरा जास्तच घालतो," म्हणत त्यानं बूच काढलं. तेवढ्यात प्रांजल वर्गातून पळत आली.

"आप्पा, नगा घालू! त्यानं तोंड भाजतंय."

"तुला गं काय ठावं?" तो हसत म्हणाला, आणि मग त्याचं हसू थांबलं. "तवा भाजलं व्हय?"

तिनं पुढं होऊन त्याच्या हातातली बाटली काढून घेतली.

"मग सांगितलं का न्हाईस मला?"

"तुमी लय हौसनं धुतलं हुतं."

बिरदेव मातीत बसला. मग सरांना म्हणाला, "सर, चूक माजी हाय. पोरीला पुन्यांदा बगत्यात का?" सरांनी नाही म्हणून मान हलवली. पुढच्या वर्षी ती त्या वयोगटात बसणार नव्हती.

दिवाळीनंतर कळप गेला आणि प्रांजलही गेली. सरांनी आता मला टांगायला व्हरांड्यात खिळा ठोकला आहे. मित्रांनो, मला फार काही लागत नव्हतं. सराव झाला की सावलीत वाऱ्याला टांगायचं, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं आतून पुसायचं, आणि पुरतं वाळल्याशिवाय पेटीत टाकायचं नाही. एवढ्यानं माझा वास गेला. तुमच्या शाळेतही अशी पेटी असेल, ती आजच उघडा. हे तुम्हांला मी सांगतो आहे, कारण सांगायला प्रांजल आता शाळेत नाही.